वर जन्नत, खाली रमजानभाई

जन्नत मजगावकरच्या नवऱ्यानं तिचं म्हातारपण पाण्यात घातलं, असं पूर्णगडात सगळे म्हणायचे. मी जरा मोठ्यानंच म्हणायचे. जन्नत आणि मी शाळेत एका बाकावर बसलेल्या. तिच्या बाळंतपणाला मीच हजर होते, कारण इथल्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. तिच्या वतीनं बोलायचा हक्क माझा नाही तर कुणाचा?

आमच्याकडचे जहाजावरून निवृत्त झालेले पुरुष काय करतात ते ठरलेलं आहे. सकाळी मशिदीच्या कट्ट्यावर बसायचं, संध्याकाळी बंदरावर जाऊन तरण्या पोरांच्या होड्यांना नावं ठेवायची, आणि मधल्या वेळात रक्तातली साखर मोजून घ्यायची. रमजानभाईनं यातलं काही केलं नाही. मुंबईच्या बंदराबाहेर उभ्या असलेल्या जहाजांवर माणसं पोचवणारी एक जुनी लाँच मोडीत निघाली होती, ती त्यानं घेतली. रत्नागिरीला आणून तिची कुजलेली लाकडं बदलली, आत दोन बिछाने, एक शेगडी आणि पडदा लावून अंघोळीची जागा केली. मुलगा अझीम कुवेतला असतो, त्याच्या मुलीचं नाव महरीन. तेच नाव लाँचीला दिलं. आणि नारळी पौर्णिमा होऊन समुद्र शांत झाल्यावर नवरा-बायको घराला कुलूप लावून निघून गेली.

लोकांना वाटलं, आठवडाभरात येतील. ती आली थेट मे महिन्याच्या शेवटी. गोवा, कारवार, मंगळूर करत पार कोचीपर्यंत जाऊन आली होती. पुढच्या वर्षी वरच्या अंगाला गेली, दमण, वेरावळ. पावसाळ्यात लाँच खाडीत ओढून घ्यायची, माडाच्या झापांनी शाकारून ठेवायची, आणि ही दोघं घरात बसून पाऊस कधी संपतो याची वाट बघणार. जहाजाच्या पगारातून बांधलेलं दुमजली घर, खोलीखोलीत पंखा, मोरीत गरम पाण्याची सोय. ते सोडून बाई बादलीत कपडे आपटते आणि खाऱ्या वाऱ्यात झोपते. याला सुख म्हणायचं का?

कोस्टगार्डवाल्यांनाही हे कोडं सुटलं नव्हतं. समुद्रात कुठंतरी अडवायचे आणि विचारायचे, मासे पकडता? नाही. माणसं नेता? नाही. माल? नाही. मग करता काय? जन्नत सांगायची, "हितंच ऱ्हातंव." त्यांना वाटायचं म्हातारी चेष्टा करते, म्हणून परत सगळी लाँच तपासायचे.

लाँच चालवायची पद्धतही जुनीच. रमजानभाई तेलपाणी करणारा म्हणून जहाजावर चढला आणि इंजिनियर होऊन उतरला, पण त्याचं सगळं आयुष्य जहाजाच्या पोटात गेलं. जगभर फिरला, समुद्र बघितला नाही. किनारा कसा ओळखायचा, खाडीत कुठून शिरायचं हे त्याला काही ठाऊक नव्हतं. जन्नतचा बाप मात्र तांडेल होता, होडी त्याच्या शब्दावर चालायची, आणि लहानपणी ही पोर त्याच्याबरोबर सगळ्या खाड्या फिरलेली. त्यामुळे सुकाणू जन्नतच्या हातात आणि इंजिन रमजानभाईच्या. वर जन्नत, खाली रमजानभाई. तिला वेग कमी करायचा असला की ती दोरी ओढायची, खाली घंटा वाजायची.

पुढं त्यानं घंटाच काढून टाकली. म्हणाला, कानठळ्या बसतात, तू आपली फळीवर पाय आपट. एकदा आपटलास तर हळू, दोनदा आपटलास तर मागं. तेव्हापासून जन्नत पाय आपटायची. तिचा उजवा गुडघा किती झिजलाय हे मला ठाऊक होतं. पावसाळ्यात घरी आली की मी शेकून द्यायचे, पट्टी बांधायचे, आणि ओरडायचे, "कशाला नाचतंस त्या फळीवर? सांग की नवऱ्याला, घंटा लाव म्हणून." ती म्हणायची, "त्यांना तरास होतो."

गेल्या मोसमात मात्र मी ठरवलं, आता या माणसाला चार शब्द सुनवायचेच. जन्नत फार उतरली होती. दिवाळीनंतर दोघं दोन दिवसांसाठी गावात आली, तेव्हा जिना चढताना तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला होता. योग असा की मला लोट्याला जायचं होतं. माझी लेक संस्कृती तिथं राहते, जावई कारखान्यात पाळीवर. जन्नत म्हणाली, आमी दाभोळच्या खाडीत चाललोय, तुला अंजनवेलला उतरवतो, एस.टी.चे हाल कशाला? मी हो म्हटलं. तसा मला समुद्राचा सोस नाही, मळमळतं. पण रमजानभाई आयता सापडणार होता, खाली इंजिनाशी. तिथून उठून कुठं जाणार?

पहाटे निघालो. सुरुवातीला मी वर जन्नतजवळ बसले. ती सुकाणू धरून उभी होती, स्टुलावर बसतसुद्धा नव्हती. रत्नागिरीच्या दीपगृहाचा डोंगर मागं पडला, गणपतीपुळे गेलं, जयगड गेलं. तिचे डोळे सुजलेले, ओठ खाऱ्या वाऱ्यानं फुटलेले. मध्येच ती नुसती उभ्या उभ्या डुलकी घ्यायची आणि दचकून जागी व्हायची. मी विचारलं, "बरी हायस ना?" ती म्हणाली, "मना काय झालाय?" हे तिचं चाळीस वर्षांचं उत्तर आहे. नवरा जहाजावर असताना सासू गेली, विहीर आटली, अझीमला टायफॉइड झाला, तेव्हाही विचारलं की हेच.

गुहागरचा किनारा लागला तशी मी खाली उतरले. खाली उकाडा, डिझेलचा वास, आणि कान फाटतील असा आवाज. रमजानभाई एका खोक्यावर बसला होता, एक हात इंजिनाच्या दांड्यावर आणि दुसरा डोक्यावरच्या फळीला टेकवलेला. मला वाटलं, लाँच हलते म्हणून आधाराला धरलाय. मी ओरडून बोलायला सुरुवात केली आणि तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तेवढ्या गोंगाटात कुणीही बघेल, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"रमजानभाई, पुरे करा आता. तिचा जीव जातोय."

मला वाटलं होतं तो भांडेल. तो नुसता हसला, तेही धड नाही.

"गोदाबाय," तो म्हणाला, "माझा जीव कदीच गेलाय. चाळीस वर्षा खाली काढली, आता हितं पन खालीच. मना जमीन हवी. हलत नाय अशा खाटेवर झोपायचा हाय."

"मग विका ही."

"दापोलीचा एक मानूस मागतोय. डॉल्फिन दाखवायला नेणार लोकांना. त्याला होय सांगायचा हाय. पन तिला कसा सांगू? मी तिला सारा जन्म दारात उभी ठेवली. आता तिला फिरायची हौस आली, तर मी कुठच्या तोंडान नको म्हनू? तू काढ विषय. तुझा ऐकेल."

मी आले होते त्याला झाडायला, आणि तो माझ्याच गळ्यात घंटा बांधून मोकळा झाला. इतकी वर्षं मी या माणसाला गावभर बोल लावला होता, आणि तो तर दमून भागून बायकोच्या हौशीसाठी फिरत होता. हौस? वर उभ्या असलेल्या त्या बाईच्या तोंडावर मला हौस कुठं दिसली नव्हती.

तेवढ्यात त्याला आठवलं की मी त्याच्या लाँचीवर पहिल्यांदाच आलेय. मजगावकरांच्या घरून कुणी कोरडा परत जात नाही, ते घर तरंगतं असलं तरी. "चाय घेतल्याबिगर सोडीन काय?" म्हणाला आणि उठला. फळीवरचा हात काढला, थर्मास काढला, कप शोधला, तो शर्टाला पुसला, आणि लाँच हलत असताना एक थेंब न सांडता चहा ओतायला लागला.

वर फळीवर पाय आपटल्याचा आवाज झाला. दोनदा. मी ऐकला. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, त्यांचं काहीतरी नेहमीचं असेल. परत आपटल्याचा आवाज आला, या वेळी सारखा, धाडधाड.

"ती पाय आपटत्येय," मी म्हटलं.

"काय?" तो माझ्या ओठांकडे बघून म्हणाला.

मग त्यानं कप टाकला, तळहात फळीवर दाबला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं दांडा मागं खेचला, पण तोवर खालून लांब खरखर ऐकू आली. लाँच एका अंगाला कलली आणि थांबली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, त्यावर आम्ही चढलो होतो. समुद्राला सुकती लागलेली, पाणी उतरत होतं. म्हणजे भरती येईपर्यंत बसा तिथंच.

मी धडपडत वर आले. समोर गोपाळगडाचा डोंगर, वीज कारखान्याच्या चिमण्या, सगळं हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही चिखलात रुतलेल्या म्हशीसारखे तिरके. एक होडी जवळून गेली. तीतला माणूस म्हणाला, "चाची, दोरी देऊ काय?" जन्नत म्हणाली, "नको. पानी आला की निघंल." तिचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. रमजानभाई वर आला तेव्हा तिनं त्याच शांतपणे विचारलं.

"मी दोनदा आपटलाय. तुमी ऐकला नाय?"

"इंजिनाचा आवाज..." तो बोलायला लागला.

मला राहवेना. शेवटी नर्स ती नर्स. मी त्याच्या बाजूला बसले, पदर तोंडावर धरला आणि चांगलं खणखणीत विचारलं, "रमजानभाई, चहात साखर किती घालता?" इंजिन बंद होतं. चिटपाखरूही नव्हतं. तो समोर खाडीकडे बघत राहिला. जन्नतनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिच्या बघण्यावरून त्याला कळलं की काहीतरी झालंय, आणि मग काय झालंय तेही कळलं.

"कदीपासून?" तिनं विचारलं. या वेळी त्याच्या समोर येऊन.

"घंटा काढली तेवापासून," तो म्हणाला. "घंटा ऐकू येत नव्हती. पाय आपटलास की हाताला कळायचा. फळीला हात लावून बसायचो."

"सगळा वेळ?"

"झोपायच्या वेळी सोडून."

जन्नत खाली बसली. गुडघा धरून बसावं लागलं तिला, आणि ते त्यानं बघितलं. मग मीच सांगून टाकलं. त्या फळीनं तिचा गुडघा कसा खाल्ला, पावसाळ्यात मी काय शेकते, डॉक्टर काय म्हणाला. तो ऐकत होता, म्हणजे बघत होता. त्यानं विचारलं, "मना का नाय सांगितलास?" ती म्हणाली, "तुमी सांगितलाव?" ऊन डोक्यावर आलेलं, सावली नाही, तिरक्या फळीवर सरकू नये म्हणून तिघंही कशाला ना कशाला धरून बसलेलो. मला दोघांचाही राग आला आणि दोघांसाठीही रडू आलं.

मी म्हटलं, "झालं ना आता? हा बहिरा, तू लंगडी. त्यालाही घरी जायचंय, तुलाही विसावा हवाय. दापोलीचं गिऱ्हाईक आहे. विका आणि चला घरी."

मला वाटलं जन्नत सुटकेचा निःश्वास टाकेल. ती म्हणाली, "मना घरी नाय जायचा."

"अगं पण का?"

मग बोलली ती माझ्याशीच, पण तोंड त्याच्याकडे करून, त्याला दिसेल असं.

"घरात हे पाव्हने असतात गोदा. हे सुटीवर यायचे, मी कपाटातल्या बशा काढायची. कोंबडी कापायची. सगळी नातीगोती भेटायला. हे गेल्यावर मी बशा परत ठेवायची. असा चाळीस वर्षा चाललाय. रिटायर झाले, घरी आले, मना वाटला आता नवरा आला. पन माझ्या हातानं परत त्याच बशा निघाल्या. हे पन पानी मागताना विचारायचे, मिळंल काय. हॉलात खुर्चीवर बसायचे, कुनी उठवंल काय असा. दोन महिने झाले, तीन झाले. मना वाटायचा, आता ह्यांची बॅग कदी भरायची? लाँच आनली तेवा हे म्हनाले, दुरुस्त करून विकतो. मीच सांगितला, विकू नका, जाऊया. हितं पाव्हना व्हायला जागाच नाय. हितं हे मना सांगतात, ढकल ती बादली तिकडं."

आमच्याकडे म्हण आहे, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. रमजानभाईला बिचाऱ्याला दुसरा दिवस कधी लाभलाच नव्हता, घरात तो कायम पहिल्या दिवसाचा पाहुणाच राहिला. आणि गाव, मी धरून, समजत होतं की त्यानं तिला फरफटत नेलं.

त्यानं तिचं सगळं बोलणं ओठांवरून वाचलं. कितपत कळलं कोण जाणे. तो म्हणाला, "मना ठाव नाय घरात कसा ऱ्हायचा. मना कुनी शिकवला नाय."

"मना तरी कुनी शिकवला?" ती म्हणाली.

आम्ही भरतीची वाट बघत बसलो. लेकीचा फोन आला, मी सांगितलं उशीर होईल. उन्हं कलली तेव्हा पाणी चढायला लागलं, लाँच सावकाश सरळ झाली आणि एका क्षणी सुटली. रमजानभाई खाली गेला. जन्नत उभी राहिली, आणि तिनं डाव्या पायानं फळीवर हलकेच आपटलं. खालून इंजिन चालू झालं. मला त्यांनी अंजनवेलला उतरवलं आणि ती दोघं पुढं खाडीत गेली.

कान आणि गुडघ्यापुढे दोघांचंही काही चाललं नाही, मे महिन्याच्या आधीच लाँच विकली गेली. दापोलीच्या माणसानं तिला पिवळा रंग दिला म्हणे. जन्नत बघायला गेली नाही. दोघं घरी राहायला आली आणि सुरुवातीला अगदी तिला भीती होती तसंच झालं. मी जायचे तेव्हा रमजानभाई हॉलमध्ये इस्त्रीच्या शर्टात, हात मांडीवर ठेवून. समोर चांगल्या बशीत बिस्किटं. जन्नत स्वयंपाकघराच्या दारात उभी, त्याचं खाऊन होतंय का बघत. दोघंही एकमेकांशी इतकी जपून वागत होती की मी तिथून लवकरच उठायचे. कान तपासायला तो तयार नव्हता. ती हळू बोलायची, त्याला ऐकू यायचं नाही, आणि दोनदा सांगणं पाहुण्याच्या बाबतीत बरं दिसत नाही म्हणून ती सोडून द्यायची. रात्री त्या घरातून टी.व्ही.चा आवाज तेवढा मोठ्यानं यायचा. बायको गेलेल्या माणसाचं घर असावं तसं ते घर झालं होतं, आणि बायको तर तिथंच होती. मला वाटायला लागलं की मीच त्यांना ओढून आणलं आणि बुडवलं. लाँचीवर निदान पाय आपटता तरी येत होता.

परवा दुपारी मी जेवून आडवी झाले होते. आमच्या दोन घरांमध्ये एकच दगडी गडगा. तिकडून अचानक एवढा आवाज आला की मी ताडकन उठले. बाईचा आवाज. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच की रमजानभाई पडला. एवढ्या नोकरीनंतर दुसरं काय मनात येणार? बीपीचं मशीन घेतलं आणि चपला न घालता धावले. त्यांच्या पलीकडच्या घरातला रघूही धोतर सावरत गडग्याशी आला होता. "काकू, काय झाला?" म्हणाला. मी तशीच आत शिरले.

स्वयंपाकघरात दूध उतू गेलं होतं. ओट्यावरून जमिनीवर, जमिनीवरून थेट फ्रीजखाली. रमजानभाई शेगडीसमोर स्टुलावर बसलेला, हातात पेपर. आणि जन्नत, माझी जन्नत, जिनं सासूसमोर कधी भांडं आपटलं नाही, ती कमरेवर हात ठेवून ओरडत होती. सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं.

"समोर बसवलाय दूध बघायला, आनि तुमी पेपर वाचताव! डोळं तरी हायत ना? कान नायत, डोळं तरी हायत ना?"

मी दारातच थांबले. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस उठेल, माफी मागेल, हॉलमध्ये जाऊन बसेल आणि पुन्हा कधी स्वयंपाकघरात येणार नाही. तो उठला खरा. पेपर ओट्यावर आपटला, दुधातच.

"दूध तू ठेवलास!" तो तिच्याहून मोठ्यानं ओरडला. "गॅस मोठा तू केलास! आनि माझ्यावर कशाला ओरडतंस? मी काय बहिरा हाय?"

मग जन्नतनं हातातलं ओलं फडकं त्याच्यावर रोखलं आणि पुन्हा सुरू केलं, आणि तोही मागं हटेना. दूध, गॅस, पेपर, मागच्या आठवड्यात त्यानं उघडा ठेवलेला नळ, तिनं न सांगता धुवायला टाकलेली त्याची लुंगी. चाळीस वर्षांचं साचलेलं होतं, इतक्यात संपणार नव्हतं. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

मी बाहेर आले. रघू अजून गडग्याशी उभा होता. "भांडण काय?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "नवरा-बायको आहेत, भांडतायत. तू जा घरी."